हळदीच्या रानातले गोलपोस्ट

आमच्या घरासमोर, कालव्याच्या कडेला, दीड एकर काळंभोर रान आहे. असलं रान की वाळकी काठी खुपसली तरी तिला पालवी फुटावी. पूर्वेला शेजाऱ्यांची हळद, पश्चिमेला चुलत दिरांचा ऊस, आणि मध्ये आमचं पीक काय, तर दोन लोखंडी गोलपोस्ट. बाजारात भेटलेल्या बायका विचारायच्या, "औंदा काय केलंयसा रानात?" मी सांगायचे, "फुटबॉल." एकीनं तर खरंच विचारलं होतं, "व्हय? उतारा कसा पडला?"

आमचे हे लष्करातून सुभेदार होऊन परत आले. पलटणीच्या संघातून फुटबॉल खेळायचे, गुडघाही तिथंच गमावून आले. आमच्याकडे घरटी एक तरी फौजी आहे. परत आला की कुणी शेती बघतो, कुणी कारखान्यावर सिक्युरिटीत लागतो, कुणी सरपंचकीच्या मागं लागतो. यांनी ट्रंकेतून हवा गेलेला फुटबॉल काढला आणि पंप शोधायला लागले. गाव तालमीचं. इथं पोर चालायला लागलं की त्याला मातीत ढकलतात. चेंडूला हात लावायचा नाही म्हटल्यावर लोक यांना विचारायचे, "मग देवानं हात कशाला दिल्यात, सुभेदार?" पण हे चिकट. पोरं जमवली, रानातला ऊस मोडला, रोलर फिरवला, गवत लावलं आणि क्लब काढला.

मी काय कमी भांडले? ऊस मोडला त्या दिवशी मी दोन वेळ जेवले नाही. यांना वाटलं उपास आहे.

तर सातारा-सांगलीकडच्या क्लबांची एक साखळी स्पर्धा असते. त्यात दोन गट, वरचा आणि खालचा. वर्षाच्या शेवटी वरच्या गटात जो तळाला राहील तो खाली ढकलला जातो. आमचा क्लब कायम खालच्या गटात सुखानं नांदत होता. पण एका वर्षी वरच्या गटातल्या एका क्लबची निम्मी पोरं नोकरीला पुण्याला गेली, क्लब मोडला आणि त्या मोकळ्या जागेवर आमची वर्णी लागली. यांनी घरी पेढे आणले. जिंकून नव्हे, जागा रिकामी झाली म्हणून पेढे!

त्या दसऱ्याला शेजाऱ्यांची हळद अशी काही माजली होती की पानं माझ्या खांद्याला लागत होती. मी बांधावरून बघत उभी राहिले आणि माझं डोकंच फिरलं. घरी आले ते भांडतच आले. "आवं, किती वर्षं गवत राखायचं? ते गवत म्हशीला तरी घालता का? पोरं नाचवायची त्यावर! हळद लावली असती तर..."

हे जेवत होते. शांतपणे पाणी प्याले आणि म्हणाले, "आपला संघ वरच्या गटात हाय. ज्या दिवशी तो खाली येईल, त्याच्या दुसऱ्या दिवशी नांगर घाल. हळद लाव, भुईमूग लाव, तुझी मर्जी. मी एक शब्द बोलणार न्हाई."

ओट्यावर तालमीचे वस्ताद चहा पीत बसले होते. आमच्या गावात दोन पिढ्यांना त्यांनी कुस्ती शिकवली. वय झालं, कानही थोडे गेले, पण शब्दाला पक्का माणूस. ते तिथूनच म्हणाले, "मी साक्षीला हाय. संघ हरला की नांगर. सुभेदाराचा शब्द म्हंजे शब्द." खाली येणं आणि हरणं यात फरक आहे हे त्यांना कुणी समजावलं नाही. मला तर फरकाची गरजच नव्हती. माझ्या मते हा संघ हरणार, खाली येणार आणि शेजाऱ्यांच्याच हळदीचं बेणं मी अक्षय तृतीयेला लावणार. दुसऱ्याच दिवशी शेजारणीला बेणं सांगून ठेवलं.

हंगाम सुरू झाला आणि संघानं मला मुळीच निराश केलं नाही.

पहिला सामना आमच्याच मैदानावर. तो ऐन गळिताचा काळ. आमच्याकडे उसाला तोड कधी येईल हे देवालाही सांगता येत नाही. कारखान्याची टोळी पहाटे येते, भर दुपारी येते, लग्नाच्या अक्षता पडत असताना येते, आणि त्या वेळी मालक रानात नसला तर टोळी पुढच्या माणसाच्या उसात शिरते. मग बसा महिनाभर वाट बघत. तर सामना अर्ध्यावर आला आणि आमचा फॉरवर्ड चेंडू घेऊन पुढे पळत होता, एवढ्यात कडेनं त्याचा भाऊ ओरडला, "आरं, तोड आली!" गड्यानं चेंडू जागेवर सोडला आणि सरळ बांध ओलांडून पळत सुटला. समोरच्या संघाचे दोघं त्याच्या मागून पळाले, त्यांना वाटलं ही काहीतरी चाल आहे. उसाच्या कडेला गेल्यावर त्यांना कळलं. तेवढ्यात आमच्यावर गोलही झाला, पण तो बघायला आमचीच निम्मी माणसं जाग्यावर नव्हती, तीही तोड कुणाकडं आली ते बघायला गेली होती.

आमचा गोलकीपर म्हणजे वस्तादांचाच पठ्ठ्या. सगळे त्याला पैलवान म्हणतात. गोलपोस्टमध्ये उभा राहिला की मागची जाळी दिसत नाही, म्हणून यांनी त्याला घेतला. माणूस सोन्यासारखा, पण सवय जाईल तर शपथ. समोरून कुणी अंगावर आला की याचे हात चेंडूकडं जायच्याऐवजी त्या माणसाच्या कमरेला जायचे. दुसऱ्या सामन्यात यानं समोरच्या फॉरवर्डला पट काढून, म्हणजे पायच उचलून, जे उताणं पाडलं, ते थेट छातीवर बसला. रेफरीनं लाल कार्ड दाखवलं. पैलवानाला वाटलं निकाल आपल्या बाजूनं. त्यानं मांडीवर शड्डू ठोकला, चारी बाजूंना हात जोडले, मैदानाची माती कपाळाला लावली आणि मगच बाहेर आला. आमच्या बाजूच्या लोकांनी टाळ्याही वाजवल्या. हे डोकं धरून बसले होते.

कोयनानगरच्या सामन्याला मीही गेले. भाकरी आणि ठेचा पोरांना वेळेवर मिळावा म्हणून यांनी नेलं. घाटाची वळणं सुरू झाली आणि संघ खिडक्यांतून बाहेर वाकला. पोचलो तेव्हा अकराच्या अकरा पोरं हिरवीगार, एकाच्याही पोटात काही राहिलेलं नव्हतं. हे म्हणाले, "हलकं वाटतंय न्हवं? हलकं झालं की पळायला बरं." पळाली पोरं. पण चेंडूच्या उलट्या बाजूला.

आणि फलटणचं तर विचारूच नका. मैदानाला लागून ऊस. आमच्या पोरानं पहिल्यांदाच असा दणदणीत शॉट मारला की चेंडू गोलवरून थेट उसात. चेंडू आणायला कुणी जाईना. त्या आठवड्यात त्या शिवारात बिबट्या दिसल्याचा व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाईलवर आला होता. "तुम्ही मारलाय, तुम्ही आणा." "मैदान तुमचं, बिबट्या तुमचा, तुम्ही आणा." बराच वेळ असंच चाललं. शेवटी पैलवान शड्डू ठोकत उसात शिरला आणि चेंडू घेऊन बाहेर आला, पण पोरांनी धसका घेतला तो घेतलाच. आमची पोरं उसाकडच्या बाजूला फिरकलीच नाहीत. सगळे गोल त्याच बाजूनं झाले.

मी दर सामन्यानंतर यांना विचारायचे, "काय झालं आज?" तोंड अगदी काळजीचं करून. हे म्हणायचे, "सुधारणा हाय." मी मनात सऱ्या मोजायचे.

पण माधवनगरला घात झाला. तिथल्या एका गड्यानं स्वतःच्याच गोलमध्ये चेंडू घातला आणि आम्ही चक्क जिंकलो. पोरं नाचत घरी आली. मला दोन दिवस करमेना. त्यात खालून दुसरा एक संघही आमच्यासारखाच देवाघरचा निघाला, तोही हरत राहिला. होता होता हिशेब असा झाला की शेवटचा सामना जिंकलो तर आम्ही वर राहतो. बरोबरी झाली तरी खाली, हरलो तरी खाली. हे यांनी देवळात सगळ्यांना बसवून समजावून सांगितलं. वस्ताद पुढंच बसले होते. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "म्हंजे हरायचं न्हाई." हे म्हणाले, "जिंकायचंय, वस्ताद." "तेच म्हणतोय की मी."

हा शेवटचा सामना आमच्याच मैदानावर, तोही गावच्या यात्रेच्या दुसऱ्या दिवशी. यात्रा कमिटीचे अध्यक्ष वस्तादच. त्यांनी हलगीवाले सांगितले, फेटे आणवले, कुस्त्या सकाळी उरकून दुपार फुटबॉलला मोकळी ठेवली. आजवर गावाच्या इतिहासात कुणी कुस्त्या उरकल्या नव्हत्या. हे त्या दिवशी फार खूश होते.

यात्रेचा दुसरा दिवस म्हणजे मटणाचा. पाव्हणा संघ सांगलीचा, पोरं शहरातली. हे मला म्हणाले, "सामन्याआधी हलकं वाढ. वरण-भात." मी म्हटलं, "यात्रेला आलेल्या पाव्हण्याला वरण-भात? गावात तोंड दाखवायचंय मला." रस्सा केला. आमच्यात पाव्हणा एकटा जेवत नाही, बरोबर घरचा माणूस बसावा लागतो. म्हणून आमचा संघही पंगतीला बसला. पाव्हणा लाजतो, म्हणून घरच्यानं दुप्पट खाऊन दाखवायचं असतं. पोरांनी दाखवलं. रेफरीसाहेबही बसले. उठताना त्यांना दोघांनी हात दिला.

पहिला अर्धा सामना म्हणजे बावीस माणसं शतपावली करताहेत असा. मी बायकांमध्ये बांधावर बसले होते. पाव्हण्यांनी एक गोल केला, मी मनात नारळ बोलले. मग आमच्या फॉरवर्डनं कसा कुणास ठाऊक एक परत केला. सगळं गाव उठलं. मी बसूनच होते.

मध्यंतरात हे माझ्याकडे आले. घामानं अंगरखा भिजलेला, गुडघा सुजलेला. मला वाटलं पाणी मागतील. म्हणाले, "ट्रॅक्टर कुणाचा सांगितलायस?"

मी म्हटलं, "सांगितलाय एकाचा. उद्या सकाळी येईल."

"बरं. पोस्ट उपटताना त्याला सांग सावकाश. वेल्डिंग सुटलं की वाया जातात. शाळेला देऊ आपण." आणि गेले परत लंगडत.

मला असा राग आला म्हणता! अजून अर्धा सामना बाकी, एक-एक बरोबरी आहे आणि हा माणूस गोलपोस्ट कुठं द्यायचे ते ठरवतोय? लष्करात असंच लढायचा का हा? मी पदर खोचला आणि उभी राहिले. शेजारीण म्हणाली, "बसा की, ऊन लागंल." मी म्हटलं, "लागू दे." आणि मग मी जी ओरडायला सुरुवात केली, ती माझी मलाच ओळखू येईना. "आरं पळ की रं, मेल्या! माझं मटण खाल्लंस न्हवं? पळ!" मला हळद हवी होती, अजूनही हवीच होती. पण ती अशी आयती पदरात पडलेली नको होती.

आणि पोरं पळाली, देवाशप्पथ पळाली. अगदी शेवटाला आमचा फॉरवर्ड गोलपुढं गेला, त्याला मागून पाडलं आणि रेफरीनं शिट्टी मारली. पेनल्टी! म्हणजे समोर फक्त गोलकीपर आणि चेंडू मारायला एकच माणूस. बाकी सगळे लांब उभे राहिले. यांनी डोळे मिटून घेतले. आमच्या पोरानं चेंडू ठेवला, मागं सरला.

तेवढ्यात हलगी कडाडली.

मी बघते तर वस्ताद फेटे घेतलेली माणसं मागं घालून मैदानात चालत येतायत. आमच्याकडची कुस्तीची रीत अशी, की दोन पैलवान तोडीस तोड निघाले, खूप वेळ झाला आणि कुणीच चीतपट होईना, तर वडीलधारी माणसं आत जातात, दोघांचे हात वर करतात आणि कुस्ती बरोबरीत सोडवतात. दोघांचाही मान राहतो, यात्रेच्या दिवशी कुणी पडेल तोंडानं घरी जात नाही. वस्तादांनी चेंडूजवळ येऊन आमच्या पोराचा एक हात धरला, पाव्हण्यांच्या गोलकीपरला बोलावून त्याचा एक धरला आणि दोन्ही वर केले. "बरोबरीत सोडवली! लय चांगली जोड!"

झालं. सगळं गाव आत. गुलाल उधळला, पोरंटोरं आली, कुल्फीची गाडी आली, कुणाची तरी म्हैस आली. रेफरी शिट्टी मारून मारून लाल झाले, ती शिट्टी हलगीच्या तालात बसली म्हणून लोक आणखी नाचले. मग त्यांनाच फेटा बांधला आणि खांद्यावर घेतलं. पाव्हणी पोरं पोटं धरून आनंदानं हात मिळवत होती. अंधार पडायला आला तरी मैदान मोकळं होईना. शेवटी रेफरीसाहेबांनी खांद्यावरूनच सांगितलं, एक-एक, सामना संपला.

म्हणजे आम्ही खाली.

मी गर्दीतून यांच्यापर्यंत पोचले तेव्हा वस्ताद यांना फेटा बांधत होते. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी. "सुभेदार, माझा जीव वर-खाली होत होता बघ. एकट्या गड्याला उभा करून निकाल लावत होती रं ती माणसं! पोरगं चुकलं असतं, पाव्हणं उलटून आलं असतं, तर? हरला असतास. रान गेलं असतं. मी म्हटलं, माझ्या डोळ्यांदेखत न्हाई जाऊ देणार. वाचवलं का न्हाई तुझं मैदान?"

मी तोंड उघडलं होतं. यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. मग वस्तादांच्या पायाला हात लावला आणि म्हणाले, "व्हय वस्ताद. वाचवलंत."

सकाळी ट्रॅक्टर आला, नांगर लावून. हे आधीच मैदानात होते, पैलवानाला घेऊन जाळ्या सोडत होते. दाढी केलेली, कपडे इस्त्रीचे. शब्द पाळायला निघालेला फौजी असाच दिसत असावा. मला वाटलं आता तरी भांडतील, म्हणतील एक वर्ष थांब. मी उत्तरं तयार ठेवली होती. पण हे जाळीच्या गाठी सोडत राहिले.

तेवढ्यात तालमीतून परतताना वस्ताद आले. ट्रॅक्टर बघून थबकले. "आरं, हे काय? हरला न्हाईत की तुमी. नांगर कशाला?"

पैलवान खाली बघायला लागला. आणि हे, ज्यांनी आजवर मला साडी चांगली दिसते एवढं खोटंही कधी सांगितलं नाही, ते अगदी सहज म्हणाले, "न्हाई वस्ताद, कडंचं गवत वाढलंय, तेवढं काढतोय. तुमी बसा."

"आसं व्हय," म्हणून वस्ताद बांधावरच्या कडुलिंबाखाली जाऊन बसले, निवांत.

ट्रॅक्टरवाल्यानं मला विचारलं, "वैनी, कुठनं घालू?"

आता मी काय सांगू? ते म्हातारं लिंबाखाली बसून राखण करतंय आपण वाचवलेल्या मैदानाची, आणि हा माणूस त्याच्यापायी खोटं बोलून पाठ करून उभा. माझा जीव तुटला, आणि जीव तुटला म्हणून आणखी राग आला. मी म्हटलं, "थांब जरा. कालची पेनल्टी राहिलीय."

हे वळले. "सामना संपला. निकाल लागला."

"रेफरीचा लागला. माझा लागायचाय. पैलवान, उभा रहा पोस्टात. आणि तुमी मारा. गेला तर मैदान तुमचं."

"नियमात बसत न्हाई हे."

"मारा म्हणते न्हवं!"

यांनी चेंडू ठेवला. सुजलेला गुडघा एकदा दाबला, दोन पावलं मागं सरले आणि मारला. चांगला मारला होता हो, कोपऱ्यात, जमिनीलगत. आणि अख्ख्या हंगामात ज्याला एक चेंडू धड धरता आला नव्हता, त्या आमच्या पैलवानानं अशी काही झेप घेतली की चेंडू दोन्ही हातांत! उठला, शड्डू ठोकला, "आडिवला सुभेदार! आडिवला!" म्हणून ओरडला, लिंबाखालून वस्ताद "वा रं पठ्ठ्या!" म्हणाले. आणि मग पैलवानाला आठवलं. चेंडू छातीशी धरून तो पोरासारखा रडवेला झाला. "वैनी, चुकलं. सवय न्हवती हो."

"इकडं दे तो," मी म्हटलं.

चप्पल काढली, निऱ्या वर खोचल्या. आयुष्यात मी त्या चेंडूला पाय लावला नव्हता, धुतला मात्र पुष्कळदा होता. पैलवान हात जोडून बाजूला सरायला लागला. मी ओरडले, "सरशील तर बघ! उभा रहा नीट!" राहिला बिचारा, हात पसरून. मी उजव्या कोपऱ्याकडे बघून मारला आणि चेंडू अंगठ्यावरून निसटून डावीकडे निघाला. पैलवान उजवीकडे आडवा. चेंडू सावकाश, अगदी रमतगमत जाऊन पांढऱ्या रेषेच्या आत थांबला. माझी सगळी हळद, दीड एकर, त्या रेषेपलीकडे गेली, आणि मी काय करावं? मी दोन्ही हात वर करून किंचाळले. अंगठा दुखत होता तरी नाचले.

हे तिथंच खाली बसले. गुडघ्यामुळं असेल म्हणून मी जवळ गेले, तर डोळे पुसत होते.

"हा गोल कुणाच्या बाजूनं धरायचा गं?" त्यांनी विचारलं.

"आपल्या," मी म्हटलं, आणि ट्रॅक्टरवाल्याला चहाला घरी चल म्हणाले.